समुद्रपटवाल्यांनो, माशांचा आवाज कुठे टाकलात?

समुद्राखालचे माहितीपट बनवणारे दिग्दर्शक, संकलक आणि विशेषतः ध्वनिविभागातली मंडळी यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा तुमच्यापैकी कुणाचा तरी एक नवा माहितीपट पाहिला. नाव लिहीत नाही, कारण त्यातली खोड तुमच्या सगळ्यांच्याच कामात थोडीफार आहे. बुडालेल्या जहाजाच्या पोटातून एक गोलायथ ग्रूपर बाहेर येतो. माणसाएवढा लांब, ठिपकेदार, एखादी शिळा तरंगत यावी तसा. तो कॅमेऱ्याकडे वळतो, थबकतो आणि त्याच्या अंगातून एक बारीकसा झटका जातो. नेमका तेव्हाच तुमचा चेलो (व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ) सुरू होतो.

मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिलं. या जातीच्या माशाला पाणबुड्या फार जवळ आलेला खपत नाही. तो पोटातली हवेची पिशवी हादरवून साधारण 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 कंपनांचा, एक हुंकार देतो. ज्यांनी तो जवळून अनुभवलाय ते म्हणतात, कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो. म्हणजे त्या धिप्पाड जिवाने तुमच्या कॅमेरामनला 'बस, आता पुढे नाही' असं बजावलं असण्याचा दाट संभव आहे. आणि तुम्ही त्याचं वाक्य तोडून त्यावर चेलो वाजवलात.

पुढच्याच दृश्यात माशांचा थवा वळतो तेव्हा 'सर्रर्र' असा आवाज येतो. असा आवाज कुठल्यातरी बंद खोलीत, पाण्याने भरलेल्या टबात हात फिरवून काढतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. जंगलातल्या चित्रफितीत तुम्ही बुलबुलाचं गाणं पुसून तिथे बासरी टाकली असती तर प्रेक्षकांनी तुम्हाला सोडलं असतं का? पाण्याखाली मात्र सगळं खपतं, कारण मासे मुके असतात हे आपण सगळ्यांनी गृहीतच धरलंय.

मी शास्त्रज्ञ नाही. पाण्याखालची ध्वनिमुद्रणं ऐकायचं व्यसन लागलेली एक बाई आहे. पहिल्यांदा हायड्रोफोनची, म्हणजे पाण्याखाली चालणाऱ्या मायक्रोफोनची, वायर पाण्यात सोडली तेव्हा मला वाटलं, यंत्र बिघडलंय. हेडफोनमध्ये नुसती तडतड, ओली लाकडं जळताना होते तशी. ती पिस्तूल कोळंबीची असते हे नंतर कळलं: नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना टचकन आवाज होतो. अशा हजारो नांग्यांचा तो पडदा. कान सरावले तसं त्या पडद्याच्या खालून काहीतरी वेगळं यायला लागलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक-टक-टक, कुणीतरी बोटाच्या पेराने रिकाम्या लाकडी खोक्यावर वाजवावं तसं. आणि थोड्या वेळाने, दुसऱ्या बाजूने, त्याला उत्तर. मी हात न हलवता बसून राहिले. त्या दिवसापासून तुमचे माहितीपट मला मूकपट वाटायला लागले.

मुकेपणाचा समज तसा जुना. माशाला फुप्फुस नाही, कंठ नाही, मग आवाज कुठून येणार? सुमारे 2300 वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने हाच तर्क केला होता, पण तो तिथेच थांबला नाही. काही मासे तरीही आवाज काढतात, एक तर कल्ले घासून किंवा पोटातल्या हवेच्या आसपासच्या अवयवांमधून, असं त्याने लिहून ठेवलं आणि त्या माशांची नावंही दिली. दोन्ही अंदाज दिशेला बरोबर. इतकं सगळं हाताशी असताना विसाव्या शतकात आपण मागे गेलो. फ्रेंच सागरसंशोधक झाक कुस्तो यांच्या 1956 च्या गाजलेल्या चित्रपटाचं नावच 'द सायलेंट वर्ल्ड', म्हणजे निःशब्द जग, होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाठीवर टाकी लावून खाली गेलेल्या माणसाला स्वतःच्या श्वासाच्या बुडबुड्यांपलीकडे फारसं ऐकूच येत नाही. आपला कान हवेसाठी बनलेला. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे 1500 मीटर, धावतो आणि थेट कवटीतून आत शिरतो. तो डावीकडून आला की उजवीकडून, हेही कळेनासं होतं. त्यात अनेक मासे बोलतात तिन्हीसांजेला आणि रात्री, म्हणजे तुमचं चित्रीकरण आटोपून दिवे पेटीत गेल्यावर.

आता ते बोलतात कसे, ते सांगते. तुमच्या कॅमेऱ्यापुढून रोज जाणारी गोष्ट आहे ही.

मुख्य वाद्य म्हणजे वाताशय, माशाच्या पोटातली हवेची पिशवी. पाण्यात वर-खाली तरंगत राहण्यासाठी ती असते असं शाळेत शिकवतात आणि विषय संपवतात. पण कित्येक जातींमध्ये या पिशवीच्या भिंतीलाच, किंवा तिच्याशेजारी, खास आवाजासाठीचे स्नायू असतात. ते आकुंचन पावले की पिशवी थरथरते आणि थरथर सरळ पाण्यात उतरते. तोंड उघडायची गरज नाही, श्वास सोडायची गरज नाही. टोडफिश नावाच्या बेडक्या तोंडाच्या माशाचे हे स्नायू सेकंदाला 200 वेळा आकसतात आणि सैल होतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधल्या सगळ्यात चपळ स्नायूंत यांची गणना होते. आणि इथे एक गंमत आहे. आपल्या गळ्यात सूर चढतो-उतरतो तो स्वरतंतूंच्या ताणावर. इथे स्नायू जितक्या वेळा आकसेल तितके हर्ट्झ, हिशोब सरळ. त्यामुळे पाणी गार झालं की स्नायू मंदावतो आणि त्याच माशाचा सूर खाली उतरतो. वाताशय घंटेसारखा घुमत असेल असं पूर्वी मानत. टोडफिशचा तरी तसा घुमत नाही. स्नायू थांबला की आवाज जागच्या जागी थांबतो. म्हणून ही बोली इतकी तुटक, नेमकी, ठोक्याठोक्याची असते.

काही मासे हाडं वाजवतात. शिंगाडा माशाच्या छातीच्या पराला जो जाड काटा असतो, त्याच्या बुंध्याशी बारीक खाचा असतात. तो काटा खोबणीत घासला की करकर होते. मासा हातात धरलेला असेल तर कानाआधी तळव्याला कळते, जुन्या घड्याळाला किल्ली देताना बोटांना कळते तशी. समुद्रघोडा खाद्य टिपताना मान झटकतो तेव्हा डोक्यामागची दोन हाडं एकमेकांवरून सरकून टिचकी वाजते. आणि तुमचा लाडका विदूषक मासा, ज्याच्यावाचून प्रवाळाचा एकही माहितीपट पुरा होत नाही, तो दात वाजवतो. जबडा फटकन मिटवायला त्याच्याकडे एक खास अस्थिबंध असतो. दातावर दात आपटतात आणि ठोका उमटतो. त्यांच्या वसाहतीत मोठेपणा शरीराच्या आकारावर ठरतो आणि मोठ्या माशाचा आवाज खालच्या पट्टीत असतो. म्हणजे कोण वडील, कोण धाकटा, हे नुसतं ऐकून कळावं. तुम्ही त्याला समुद्रफुलात लपताना हजार वेळा दाखवलात. लहानग्याला दटावताना एकदाही ऐकवला नाहीत.

या सगळ्याला अपवाद म्हणून सोडून द्यावं, इतका हा प्रकार दुर्मीळ नाही. 2022 मध्ये झालेल्या एका मोजदादीत आवाज काढणाऱ्या माशांच्या 989 जातींची नोंद सापडली. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की परांना काड्यांचा आधार असणाऱ्या माशांमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या जवळजवळ सगळ्याच माशांमध्ये, आवाज काढण्याची कला निदान 33 वेळा वेगवेगळी, स्वतंत्रपणे जन्मली. ज्या कुळांमध्ये ती आढळते त्यांत या माशांच्या सुमारे दोन तृतीयांश जाती येतात. जी युक्ती निसर्गाने 33 वेळा नव्याने शोधून काढली, ती माशांच्या चरितार्थाला फार मोलाची असणार.

तुमच्या आधी लष्करी लोकांना हे कळलं, तेही नाक मुठीत धरून. 1942 मध्ये अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात जर्मन पाणबुड्यांचा माग काढायला हायड्रोफोन बसवले होते. वसंतात संध्याकाळ झाली की त्यात इतका गोंगाट भरायचा, जणू रस्ता फोडायचं यंत्र चाललंय. तो क्रोकर माशांचा समूहगजर होता (मराठीत ज्यांना घोळ आणि ढोमा म्हणतात ते याच कुळातले). पाणबुडी कोणती आणि मासा कोणता हे ओळखायला नौदलाने ज्या शास्त्रज्ञ बाईंची मदत घेतली त्यांचं आडनावच फिश होतं, मेरी पोलंड फिश. त्यांनी पुढची कित्येक वर्षं एकेका माशाचा आवाज नोंदवत शेकडो जाती ऐकल्या. स्वीडनची कथा तर तुम्ही आजवर पडद्यावर कशी आणली नाहीत, याचंच नवल. 1981 मध्ये तिथल्या नौदल तळाजवळ एक सोव्हिएत पाणबुडी खरोखरच खडकावर चढून बसली होती. त्यानंतर देशाला पाण्याखालचा प्रत्येक संशयित आवाज शत्रूचा वाटू लागला. अनेक वर्षं एक विशिष्ट टिकटिक पकडली जात होती. 1996 मध्ये दोन जीवशास्त्रज्ञांना ती टेप ऐकवली तेव्हा उलगडा झाला: हेरिंग माशांचे थवे गुदद्वाराजवळच्या छिद्रातून बुडबुडे सोडत होते. पुढे 2003 मध्ये दुसऱ्या एका चमूने हेरिंगच्या या टिकटिकीचा बंदिस्त ठेवलेल्या माशांवर नीट अभ्यास केला. एकेक फैर 7.6 सेकंदांपर्यंत चालते, रात्री जास्त होते, आणि आसपास सोबती जितके जास्त तितकी दर माशी टिकटिकही वाढते. अंधारात थवा एकत्र ठेवायला याचा उपयोग होत असावा, असा त्यांचा कयास. या संशोधनाला पुढच्या वर्षी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं गमतीदार पारितोषिक, मिळालं. हसू येतं खरं, पण अख्खं नौदल जिच्यामागे धावलं ती टिकटिक तुमच्या एकाही हेरिंगच्या दृश्यात मला आजवर ऐकू आलेली नाही.

बोलण्याची कारणं आपल्यासारखीच: प्रेम, जागा आणि भीती. हॅडॉकचा नर मादीला रिझवताना सावकाश ठोके देतो. ती जवळ येईल तसे ठोके जवळ जवळ येतात, इतके की शेवटी ते सुटे ऐकूच येत नाहीत, त्यांची एक सलग गुणगुण होते. पडद्यावर दोन राखाडी मासे एकमेकांभोवती फिरताना दिसतील, बस. नाट्य सगळं आवाजात आहे आणि ते तुम्ही काढून टाकलेलं असतं.

टोडफिशचा नर दगडाखाली घरटं धरून बसतो आणि शिट्टी वाजवतो, जुन्या बोटीच्या भोंग्यासारखी. मादी येते, घरट्याच्या छताला अंडी चिकटवते, निघून जाते. पुढची राखण नराकडे. शेजारी दुसरा नर असेल तर तो काय करतो? याची शिट्टी चालू असताना मध्येच छोटासा घुरकाट टाकतो, म्हणजे शिट्टीचा सूर बिघडतो. दुसऱ्याच्या भाषणात मुद्दाम खोकण्याची कला आपलीच आहे असं कुणी समजू नये. त्यात धोकाही आहे. बॉटलनोझ डॉल्फिन टोडफिश खातात, आणि त्यांना शोधायला ही शिट्टी आयती वाट दाखवते. डॉल्फिनचा शिकारीच्या वेळचा खालच्या पट्टीतला पट-पट आवाज पाण्यात ऐकवला तेव्हा टोडफिशांची शिट्टी जवळजवळ निम्म्यावर आली. प्रेम करावं तर जिवावर बेततं, गप्प बसावं तर घरटं रिकामं. माहितीपटाला यापेक्षा चांगली संहिता कोण लिहून देणार?

आणि मिडशिपमन मासा. याचं मला जरा जास्तच कौतुक आहे, तेव्हा थोडं सोसा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॉसालिटो इथे हाउसबोटींची वस्ती आहे. 1980 च्या दशकात तिथल्या लोकांची उन्हाळ्यात झोप उडाली. रात्र पडली की बोटीच्या तळातून अखंड 'हूंऽऽऽ' यायचं. संशय सांडपाण्याच्या पंपांवर गेला, जनरेटरवर गेला, लष्कराच्या गुप्त प्रयोगांवर गेला. शोध लागला तो वीतभर लांबीच्या माशाचा. खडकाखालच्या घरट्यातला नर 100 हर्ट्झच्या आसपास सूर धरतो आणि तो तासाभराहूनही अधिक काळ सोडत नाही. म्हणजे एका बैठकीत स्नायूची तीन लाखांहून जास्त आकुंचनं. मादीचा वाटाही कमी नाही. विणीचा हंगाम जवळ आला की तिच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे तिचा कान बदलतो आणि नराच्या सुरातले वरचे स्वर तिला अधिक चांगले ऐकू येऊ लागतात. हंगाम सरला की कान पुन्हा पूर्ववत. त्या गावात लहान चणीचे काही नरही असतात. ते घरटं बांधत नाहीत, गातही नाहीत. दुसऱ्याच्या मैफलीत मागच्या दाराने शिरून आपला कार्यभाग साधून घेतात. सगळ्या बाजूंनी रंगलेलं हे प्रकरण आवाजावाचून दाखवायचं म्हटलं तर उरतं काय? चिखलात बसलेला एक कुरूप मासा.

कान बदलतो म्हटलं, तर तो कान असतो कुठे, हे तुमच्या प्रेक्षकांपैकी किती जणांना ठाऊक असेल? बाहेरून काहीच दिसत नाही. माशाचं अंग आणि पाणी यांची घनता जवळपास सारखी, त्यामुळे आवाजाची लाट त्याला आरपार हलवून जाते. आतल्या कानात मात्र चुनखडीसारख्या पदार्थाचे तीन-तीन खडे असतात, बाकीच्या शरीराच्या सुमारे तिप्पट घनतेचे. मासा हलतो, खडा मागे राहतो, आणि त्या फरकाने खड्याखालचे सूक्ष्म केस वाकतात. म्हणजे माशाचं ऐकणं हे मुळात धक्का जाणवणं आहे. रोहू, कटला, शिंगटी यांसारख्यांना त्यावर आणखी एक देणगी आहे: वाताशयापासून कानापर्यंत पोचणारी चिमुकल्या हाडांची साखळी. पिशवीवर दाब पडला की बातमी थेट कानात. 1923 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी अशाच एका आंधळ्या मार्जारमाशाला शिट्टीची सवय लावल्याचं प्रसिद्ध केलं. खाऊ घालण्याआधी शिट्टी वाजवायची, असं काही दिवस केल्यावर तो नुसत्या शिट्टीनेही आपल्या मातीच्या नळीतून बाहेर यायला लागला. मासे बहिरे की ऐकणारे, हा वाद तेव्हा तापलेला होता. हेच फ्रिश पुढे मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडून नोबेलपर्यंत पोचले. तो मासा मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

हे ऐकणं किती महत्त्वाचं, याची एक चाचणी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर झाली आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. मेलेल्या प्रवाळाच्या ढिगांपाशी स्पीकर लावून 40 दिवस निरोगी प्रवाळभिंतीचा कलकलाट ऐकवला. शांत ढिगांच्या तुलनेत तिथे दुप्पट मासे आले. उघड्या समुद्रात वाढलेली माशांची पिल्लं घर शोधताना कानावर विसंबतात. ज्या भिंतीवर गजबज, तिथे वस्ती. तुम्ही मेलेल्या प्रवाळाची पांढरी हाडं दाखवून व्हायोलिन लावता, तेव्हा हे सांगायचं राहून जातं की ती जागा शांतही झालेली असते. त्या दृश्याला संगीत नकोच. आधी जिवंत भिंत अर्धा मिनिट ऐकवा, मग मेलेली अर्धा मिनिट. प्रेक्षकाला कळेल.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला: माशाचं तोंड हलत नाही, मग आवाज कुणाचा हे कसं ठरवायचं? ही अडचण खरी आहे, संशोधकांनाही तिने वर्षानुवर्षं छळलंय. पण तीही सुटत चाललीय. कॅरिबियन समुद्रात क्युरासाओजवळ चौफेर बघणारा कॅमेरा आणि आवाजाची दिशा पकडणारे हायड्रोफोन एकत्र जोडून संशोधकांनी प्रवाळातल्या 46 जातींचे आवाज ज्या त्या माशाच्या नावावर लावून दिले; हे काम 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. तुमच्या एका मालिकेच्या पसाऱ्यात असं एक उपकरण सहज मावेल.

दुसरा आक्षेप: हे आवाज फार खालचे, फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत. कबूल. बहुतेक माशांची बोली हजार हर्ट्झच्या खाली आणि मिडशिपमनचा मूळ सूर तर फोनला पेलणारच नाही. पण त्याच्या सुरात वरचे स्वर असतात, ते उचलता येतात. पट्टी चढवावी लागली तर चढवा, फक्त पडद्यावर तसं लिहा. अतिसंथ दृश्य दाखवताना गती कमी केल्याचं लिहिताच की. आणि हो, अस्सल आवाज नसेल, टबातला असेल, तर तेही लिहा. मला टबाचं वावडं नाही. टब हाच समुद्र असं सांगण्याचं आहे.

तिसरा: लोक कंटाळतील. यावर मी वाद घालणार नाही. मेक्सिकोमध्ये कोलोरॅडो नदीच्या मुखाशी विणीला जमणाऱ्या गल्फ कॉर्व्हायना माशांचा गजर मिळवा. पंधरा लाखांपर्यंत मासे एका ठिकाणी येतात आणि नर मिळून असा कल्लोळ करतात की समुद्री सस्तन प्राण्यांचे कान काही काळ बधिर होऊ शकतील. वर बोटीत बसलेल्या कोळ्यांना तो बोटीच्या तळातून ऐकू येतो आणि जाळं कुठे टाकायचं हे त्यावरूनच ठरतं. म्हणजे गाणंच त्यांचा घात करतं. हे ऐकून कुणी कंटाळला तर मला कळवा.

एक गोष्ट जाता जाता, थोडी कडू आहे. तुम्ही जिथे जाता तिथे इंजिनं घेऊन जाता. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळून मोटारबोट जात असताना छोटे डॅमसेलफिश गोंधळले आणि त्यांच्यातले दुपटीहून जास्त शिकाऱ्याच्या तोंडी गेले. बुडबुडे न सोडणारी श्वसनयंत्रं तुमच्यातले बरेच जण वापरतात, त्याबद्दल आभार. बोटही थोडी लांब थांबवलीत आणि दिवे विझल्यावर तासभर नुसता हायड्रोफोन खाली सोडून बसलात, तर जे हाती येईल ते तुमच्या पटाच्या शेवटी, श्रेयनामावलीखाली तरी लावा. तिथे चेलो वाजत नसतो, वाजलाच तर थोडा हळू करा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
कान देणारी एक प्रेक्षक

ता. क. – डॅनिओनेला सेरेब्रम या मासोळीवर तुमच्यापैकी कुणीतरी काम करत असणारच. जेमतेम 12 मिलिमीटर लांब, काचेसारखी पारदर्शक, आणि एका बरगडीने कूर्चा ताणून ती वाताशयावर आपटणारी. 2024 मध्ये तिचा आवाज अंगाच्या लांबीएवढ्या अंतरावर 140 डेसिबलच्या वर मोजला गेला, आणि लगोलग 'जेट विमानाइतका मोठा मासा' अशा बातम्या झळकल्या. कृपा करून ते वाक्य निवेदनात घेऊ नका. पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल वेगवेगळ्या मापावर मोजतात. पाण्यातले 140 हे तीव्रतेच्या हिशोबात हवेतल्या 78 च्या आसपास येतात, आणि तेही अवघ्या एका सेंटिमीटरवर. नखाएवढ्या जिवासाठी तेवढंही अचाट आहे. जेट विमान शेजारी उभं करायची गरज नाही.